तार बंद झाली, मग मोर्स कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. रविवारी मुलांना माझ्या कोडिंगच्या वर्गाला सोडायला येणारे पालक दारातच थांबून विचारतात, "सर, तार तर २०१३ सालीच बंद झाली. मग आमच्या मुलीला मोर्स, म्हणजे तारेची ती टिंब-रेघांची भाषा, कशाला? त्यापेक्षा सरळ रोबो बनवायला शिकवा ना." विचारणाऱ्यांत हुतात्मा चौकातल्या तार कार्यालयात कधीकाळी रांग लावलेले आजोबाही असतात, आणि त्यांना तर हे जास्तच विचित्र वाटतं.

मला मुलांना अ‍ॅरे (संगणकात माहिती ओळीने, क्रमांक दिलेल्या घरांत ठेवण्याची मांडणी) शिकवायचा असतो, हे त्याचं खरं उत्तर. आठवी-नववीच्या मुलाला अ‍ॅरे मनापासून पटावा यासाठी मोर्सइतकं चांगलं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. मोर्स अगदीच मेलेला आहे असंही नाही. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून संदेश पाठवणारे, तो रोज वापरतात, आणि विमानांना दिशा दाखवणारी जमिनीवरची कितीतरी रेडिओ केंद्रं आजही आपली ओळख मोर्समध्येच सांगतात. पण तो शिकवण्याचं माझं कारण वेगळं आहे.

सामान फार लागत नाही. एक अर्डुइनो ऊनो (आपण लिहिलेला प्रोग्राम चालवणारा छोटा सर्किट बोर्ड), एक बटण, एक बझर, दोन-चार वायरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अर्ध्या तासात सगळं मिळतं. एलईडी तर बोर्डावरच असतो, तेरा नंबरच्या पिनला जोडलेला. टिंब म्हणजे एक मात्रा उजेड, रेघ म्हणजे तीन. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा अंधार, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. मात्रा दोनशे मिलिसेकंदांची धरली की डोळ्यांनी सहज वाचता येतं. पहिल्याच दिवशी मुलं एसओएस लुकलुकवतात आणि खूश होतात.

मग मी म्हणतो, आता स्वतःचं नाव पाठवा. इथून खरी गंमत सुरू होते. मूल लिहू लागतं: अक्षर ए असेल तर टिंब-रेघ, बी असेल तर रेघ आणि तीन टिंबं, सी असेल तर... पाच-सहा अक्षरांतच स्क्रीन भरते. मी काही बोलत नाही, त्यांना लिहू देतो. सव्वीस वेळा ‘असेल तर’ लिहायचं या विचारानेच कुणीतरी वैतागून विचारतं, "सर, याला काही दुसरा मार्ग नाही का?" हा प्रश्न मुलाने स्वतः विचारलेला मला हवा असतो. अ‍ॅरेची व्याख्या आधी फळ्यावर लिहिली की ती वहीत जाते आणि तिथेच राहते.

दुसरा मार्ग म्हणजे कोष्टक. ए ते झेड, सव्वीस अक्षरांचे संकेत ओळीने एकाखाली एक ठेवायचे. अक्षर कुठलं ते लिहायचंच नाही, कारण त्याची जागाच ते सांगते. संगणकाच्या लेखी ए म्हणजे ६५ आणि एम म्हणजे ७७. आलेल्या अक्षरातून ए वजा केला की एमसाठी १२ उरतात, आणि बाराव्या घरात एमचा संकेत असतो. एका वजाबाकीत सव्वीस ‘असेल तर’ गळून पडतात. "पण सर, एम तर तेरावा आहे," असं कुणीतरी म्हणतंच. मुंबईच्या मुलांना हे समजवायला वेळ लागत नाही. लिफ्टमध्ये तळमजल्याला शून्य असतं आणि ‘पहिला मजला’ म्हणजे एक जिना चढून वर. अ‍ॅरेचं पहिलं घरही तळमजल्यावर.

यापुढचा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे आणि पालकांना तो क्वचितच दिसतो. आमच्या ऊनोच्या चिपमध्ये काम करायला जेमतेम दोन केबी रॅम आहे, म्हणजे २०४८ बाइट. (बाइट म्हणजे एक छोटी संख्या मावेल एवढी जागा.) मोबाइलवर वाढलेल्या मुलांना हा आकडा आधी खोटाच वाटतो. म्हणून आम्ही कोष्टक किती जागा खातं ते कागदावर मोजतो. सव्वीस अक्षरांच्या मिळून ८२ खुणा होतात, प्रत्येकीला एक बाइट. प्रत्येक संकेत संपला हे सांगायला एक बाइट, म्हणजे आणखी २६, आणि प्रत्येक संकेत कुठे ठेवलाय त्या पत्त्याचे दोन-दोन बाइट. एकूण १६०. तेच सव्वीस ओळी आणि पाच रकान्यांच्या (जास्तीत जास्त चार खुणा आणि शेवटाची एक) चौकटीत भरलं तर १३०. आकडे पाठवायचे तर त्यांचे संकेत पाच खुणांचे असतात, म्हणून सहावा रकाना लागतो. छत्तीस ओळी, २१६ बाइट.

मग उलटा प्रवास. बटण दाबून आलेल्या खुणांवरून अक्षर ओळखायचं. बटण दोन मात्रांपेक्षा कमी वेळ दाबलं तर टिंब, जास्त वेळ दाबलं तर रेघ. (बटणाचे पत्रे दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात, तेवढा काळ दुर्लक्षित करावा लागतो, नाहीतर एका टिंबाची चार टिंबं होतात.) खुणा हाती आल्यावर सव्वीस ओळी एकेक करून ताडून बघता येतील, पण इथे मी मुलांना वेगळं कोष्टक मांडायला लावतो. एकपासून सुरुवात करा. टिंब आलं तर दुप्पट करा. रेघ आली तर दुप्पट करून एक मिळवा. क्यूचा संकेत रेघ, रेघ, टिंब, रेघ: एकाचे तीन, तिनाचे सात, साताचे चौदा, चौदाचे एकोणतीस. तर एकोणतिसाव्या घरात क्यू ठेवा. ई दुसऱ्या घरात, टी तिसऱ्या. आकडे ३२ ते ६३ या घरांत पडतात, पाचचा आकडा ३२ वर आणि शून्य थेट शेवटच्या ६३ वर. चौसष्ट घरं, चौसष्ट बाइट. त्यांतली अठ्ठावीस रिकामी राहतात, पण कुठलीही खूण ताडून बघावी लागत नाही. शेवटची खूण आली की आपण अक्षराच्या दारात उभे असतो.

आणि आता एकोणतीस द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त एक आणि शून्य वापरून, लिहा: १११०१. पहिला एक सोडून द्या, उरलं ११०१. एकाला रेघ म्हणा, शून्याला टिंब. रेघ, रेघ, टिंब, रेघ. क्यूचा अख्खा संकेत त्या एकाच संख्येत होता! म्हणजे पाठवण्याच्या कोष्टकातही प्रत्येक अक्षराला एक बाइट पुरतो, आणि २१६ चे ३६ होतात. बोर्ड तोच, वायरी त्याच, फक्त मांडणी बदलली. हे फळ्यावर आलं की वर्गात जो गलका होतो त्यासाठी मी रविवारची झोप आनंदाने सोडतो. रोबोच्या तयार किटमध्ये कोड आधीच लिहून येतो, मुलाच्या वाट्याला वेगाचा आकडा कमीजास्त करणं एवढंच उरतं. रोबो जरूर बनवावा, पण त्याआधी माहिती कशी मांडायची हे एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघावं, असं माझं ठाम मत आहे.

सध्याची तुकडी मराठीत अडकली आहे. एका मुलीने ‘मुंबई’ टाइप केलं आणि बोर्डाला पंधरा बाइट मिळाले. त्यात म, उकार, अनुस्वार, ब, ई असे पाच घटक आहेत आणि प्रत्येकाला तीन बाइट लागतात. तीन बाइट जोडून ‘म’ची संख्या काढली की २३५० येते. देवनागरीचा विभाग २३०४ पासून सुरू होतो, म्हणजे वजाबाकी करून ४६. युक्ती तीच, फक्त घरं १२८. पण एकाच टिंबाचा सगळ्यांत छोटा संकेत कुणाला द्यायचा? ज्यांच्या नावाने हे संकेत ओळखले जातात त्या सॅम्युएल मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यातले खिळे (अक्षरांचे ठसे) मोजून, जे अक्षर जास्त लागतं त्याला छोटा संकेत दिला, असं सांगितलं जातं. म्हणून मुलं मराठी वर्तमानपत्राची पानं घेऊन मोजायला बसली आहेत. काना बराच पुढे आहे. हलन्तालाही छोटा संकेत हवा म्हणून दोघं अडून बसले आहेत, कारण ‘क्ष’ पाठवायचा तर क, हलन्त आणि ष असे तीन संकेत लागतात. त्यावर पुढच्या रविवारी निर्णय होईल.