भेटीचा वार

माझा मुलगा सोळाव्या वर्षी दुचाकी चोरीत सापडला. सोबतचे दोघे विशी ओलांडलेले. २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे नेलं. मी कोर्टाचा पिंजरा डोळ्यांपुढे धरून गेलो होतो. तिथे साधं टेबल, न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातल्या एक बाई. कुणी त्याला आरोपी म्हणालं नाही. कागदावर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असं होतं. अशा मुलाला शक्यतो जामीन द्यावा असंच २०१५चा बाल न्याय कायदा सांगतो. पण ते दोघे आमच्याच गल्लीतले. तो पुन्हा त्यांच्यातच जाईल म्हणून मंडळाने त्याला निरीक्षणगृहात ठेवलं.

पहिल्या दोन भेटींना मी गेलो नाही. लाज होती, रागही होता. ही एकटीच जाऊन आली.

मग परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, बाई घरी आल्या. शाळा कधी सुटली, घरात कोण पितं, मुलाला मारता का, सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मी खाली बघत राहिलो. निघताना त्या म्हणाल्या, “दादा, आईशी बोलताना तो सारखा दाराकडे बघतो. तुम्ही या.”

तिसऱ्या भेटीला गेलो. नखं खाऊन खाऊन त्याची बोटं सोलवटली होती. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यानेच विचारलं, “पप्पा, रिक्षाचं पासिंग झालं का?” मला हुंदका आवरला नाही.

समुपदेशक आधी त्याच्याशी एकट्याशी बोलायचे, नंतर आम्हा तिघांशी. मुलगा सुधारायचा तर बापालाही बसावं लागतं, हे मला तिथे कळलं. त्याला परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, घरी सोडलं, तेव्हा आम्ही खोली बदलली. तरी एकदा माझा हात उठलाच. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन समुपदेशकांना सांगितलं.

शाळेने त्याला परत घेतलं नाही. त्याचं दुःख अजून आहे. दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरायला बसलो, तेव्हा तो पेन थांबवून म्हणाला, “केसचं यात लिहायचं का?” नाही, म्हटलं. मंडळापुढच्या प्रकरणामुळे तू पुढे कशाला अपात्र ठरत नाहीस, परिविक्षा अधिकारी बाईंनी मला कलमासकट समजावलंय. त्याने वळणदार अक्षरात नाव लिहिलं, माझं नाव मधे.

मराठीच्या पेपरला मीच त्याला रिक्षातून सोडलं.