अर्धा टक्का, पण कशावर?

मार्केट यार्डात गुळाच्या अडत्यांची वहीखाती लिहितो मी. त्यामुळं कुणी टक्का म्हटलं की तोंडातून आधी निघतं, कशावर? भाचा उद्यमनगरात सीएनसीवर आहे. मित्रांबरोबर पणजीला कॅसिनोत जाऊन आला, चार पैसे जिंकून आला, आणि आता मोबाइलवर खोट्या चिप्स लावून ब्लॅकजॅक खेळत बसतो, म्हणजे एकवीसच्या वर न जाता डीलरपेक्षा (कॅसिनोच्या पानं वाटणाऱ्यापेक्षा) जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ. (खरे पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं बंदीचा कायदाच केला, ते एक बरं.) परवा म्हणाला, "मामा, ह्यात साडेनव्व्याण्णव टक्के परत मिळत्यात. कॅसिनोला फक्त अर्धा टक्का!"

आकडा खोटा नाही. नियम चांगले असतील आणि प्रत्येक पान तक्त्याप्रमाणं (कुठल्या पानांवर काय करायचं ते सांगणारं कोष्टक) खेळलं, तर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच येतो. पण तो खिशातल्या पैशावर नाही, उलाढालीवर. हजार रुपये घेऊन बसलास, शंभराचा डाव. मोबाइलवर तासाला दोनशे डाव सहज होतात. उलाढाल झाली वीस हजारांची, त्याचा अर्धा टक्का शंभर रुपये. म्हणजे तुझ्या हजारातले दहा टक्के तासाभरात गेले. अडतीचं असंच असतं, दर चढो नाहीतर पडो, वजन झालं की टक्का लागला.

मग त्यानं विचारलं, शंभरात किती डाव जिंकतो? साधारण त्रेचाळीस. एकोणपन्नास हरतो, उरलेले बरोबरीत. सहा डावांची तूट असून तोटा अर्धाच टक्का कसा, ह्यावर तो बराच वेळ अडला. खरी गंमत इथंच आहे. शंभर डावांत साडेचारेक वेळा ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एकवीस, लागून दीडपट मिळते, त्यातून सव्वादोन डाव भरून निघतात. बाकीचं बरंचसं डबल (पैसे दुप्पट करून एकच पान घेणं) आणि स्प्लिट (सारखी दोन पानं वेगळी करून दोन डाव खेळणं) भरून काढतात, कारण पानं चांगली असतानाच तू पैसे वाढवतोस. डबल करायला घाबरणारा माणूस डाव तेवढेच जिंकेल, कदाचित जास्तही, आणि पैसे मात्र जास्त घालवेल. किती डाव जिंकले ह्या आकड्याला म्हणूनच मी फार किंमत देत नाही.

घर जिंकतं कुठं? आधी पान तू घेतोस, तिथं. एकवीसच्या वर गेलास की पैसे गेले, नंतर डीलरही बाद झाला तरी परत नाहीत. डीलरसारखंच सतरापर्यंत पानं घेत खेळलं तर दोघंही बाद होतील असे डाव शंभरात आठेक निघतात. ब्लॅकजॅकचा फायदा वजा केला तरी साडेपाच टक्के तोटा राहतो. तक्ता ह्यासाठीच. तो १९५६ साली अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून छापला. ती चिकाटी वाचून मला माझं मार्चएंड हलकं वाटलं.

टेबलावर ब्लॅकजॅकला तीनास दोनऐवजी सहास पाच लिहिलं असेल तर शंभराला दीडशेऐवजी एकशेवीसच मिळतात. तीस रुपये गुणिले साडेचार, म्हणजे शंभर डावांत एकशे पस्तीस रुपये गेले. अर्धा टक्का होता, तो पावणेदोनच्या पुढं गेला. इन्शुरन्सकडं, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक लागेल ह्यावरच्या वेगळ्या पैजेकडं, तर बघूच नये, पत्त्यांच्या सहा जोडांच्या खेळात तिथं सात टक्क्यांच्या आसपास तोटा आहे.

"पण मी जिंकलो की पणजीत!" जिंकणारच. दोनशे डावांत अपेक्षित तोटा शंभर रुपये, आणि नशिबाचा हेलकावा सोळाशेचा, इकडं नाहीतर तिकडं. एका बैठकीत जिंकून उठणारे हरणाऱ्यांपेक्षा थोडेसेच कमी असतात. दहा हजार डावांनंतरही तिघांतला एक फायद्यात असू शकतो, आणि गावभर तोच बोलतो.

परदेशी साइटच्या बोनसचा हिशोबही त्याला मांडून दिला. हजार रुपये बोनस, तीसपट खेळायची अट, आणि बऱ्याच ठिकाणी ब्लॅकजॅकवर लावलेली रक्कम त्या अटीत दहा टक्केच धरतात. म्हणजे उलाढाल तीन लाखांची, अर्ध्या टक्क्यानं दीड हजार. हजार मिळवायला दीड हजार! भाच्यानं मोबाइलवर गुणाकार परत करून बघितला.