कॉमेंट वाचता यावी म्हणून

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी सी या प्रोग्रामिंग भाषेच्या नोट्स मराठीत लिहितो. प्रोग्राम नेहमीसारखा, पण दर दोन-तीन ओळींमागे मराठी कॉमेंट, म्हणजे संगणक सोडून देतो आणि फक्त माणसाने वाचायची अशी टीप. खरं शिकवणं त्या कॉमेंटमध्येच असतं. पीडीएफ मोबाईलवर बोटांनी ताणून ताणून मुलं कंटाळली, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत त्या नोट्स वेबपानांवर न्यायला घेतल्या. कोड रंगीत दिसला की झालं, दोन दिवसांचं काम, असा माझा हिशेब होता.

पहिल्याच प्रोग्रामने जमिनीवर आणलं. वेबपानात कोड दाखवायच्या 'प्री' आणि 'कोड' या टॅगांमध्ये, म्हणजे ब्राउझरसाठीच्या खुणांमध्ये, तो चिकटवला, पान उघडलं, तर 'हॅश इन्क्लूड'च्या पुढे काहीच नाही. कोनी कंसातलं 'एसटीडीआयओ डॉट एच' हे फाइलचं नाव, मुलं ज्याला 'स्टुडिओ डॉट एच' म्हणतात, ते गायब. रंग चढवणारी लायब्ररी, म्हणजे पानाला जोडलेला तयार कोड, बिघडली असं समजून मी ती दोनदा काढून पुन्हा घातली. दोष तिचा नव्हताच. 'पेक्षा लहान'च्या चिन्हाला लागून अक्षर आलं की ब्राउझर त्याला टॅग समजतो आणि खातो. म्हणूनच चिन्हानंतर जागा सोडलेली माझी काही लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळी) शाबूत होती आणि घाईत चिकटवून लिहिलेली अर्धी गिळलेली. हे कळण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

उपाय म्हणजे त्या चिन्हाऐवजी अँपरसँड, एल, टी, अर्धविराम लिहायचं. मूळ कोडमधले अँपरसँड, म्हणजे 'आणि'ची चिन्हं, आधी बदलायचे आणि ही चिन्हं नंतर. मी उलट केलं, आणि पानभर 'एलटी, एलटी' दिसू लागलं.

लायब्ररी होती हायलाइट डॉट जेएस. भाषा सांगितली नाही तर ती सगळ्या भाषांचे नियम लावून पाहते, गुण देते आणि जास्त गुणांची भाषा निवडते. मोठ्या प्रोग्रामला हे छान जमतं. माझ्या चार ओळींच्या तुकड्यांना मात्र भलत्याच भाषेचे रंग चढले. प्रत्येक 'कोड' टॅगला 'लँग्वेज-सी' हा क्लास, म्हणजे ओळखीचं नाव, दिला आणि विषय मिटला.

खरी अडचण त्यानंतर दिसली. मी निवडलेल्या थीममध्ये, म्हणजे तयार रंगसंगतीत, कॉमेंट फिकट राखाडी आणि तिरपी. थीम करणाऱ्याच्या लेखी कॉमेंट म्हणजे बाजूची कुजबुज, माझ्याकडे तोच धडा. त्यात देवनागरी फॉन्टला स्वतःची तिरपी अक्षरं नव्हती, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरंच ओढून कलती करत होता. वेलांट्या, अनुस्वार सगळे डुलत होते. तिरपेपणा काढला, रंग गडद हिरवा केला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत निदान 4.5 ला 1 एवढा फरक हवा, हा वेब-सुलभतेचा नियम मी तेव्हा पहिल्यांदा तपासून पाहिला.

शेवटी रंग चढवण्याचं काम माझ्याच लॅपटॉपवर पिगमेंट्स या दुसऱ्या लायब्ररीकडे दिलं. ते पान तयार होतानाच प्रत्येक शब्दाभोवती रंगासाठीचा 'स्पॅन' टॅग घालून ठेवतं, मुलांच्या फोनला वेगळी स्क्रिप्ट उतरवून घ्यावी लागत नाही. त्यात अनेक ओळींच्या कॉमेंटच्या क्लासचं नाव 'सीएम'. वर्गात सांगितल्यावर तो दिवस तिथेच संपला.

एक गोष्ट मात्र जमली नाही. ओळीच्या उजवीकडच्या कॉमेंट मी खाली एकावर एक, वहीतल्या डाव्या-उजव्या रकान्यासारख्या लावल्या होत्या. काही कोडच्या ओळींत छापायचा मजकूर मराठी होता, आणि देवनागरी अक्षरं सारख्या रुंदीची नसल्याने तिथले रकाने कोलमडले. आता सगळ्या कॉमेंट कोडच्या वरच्या ओळीत सरकवतोय. पॉइंटरचं प्रकरण अजून बाकी आहे.