सूत्राचा रकाना आधी का?

एम.ए. मराठीच्या प्रकल्पासाठी मी नेमाड्यांची 'कोसला' घेतली. १९६३ सालची कादंबरी, लेखक आमच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पुस्तक मिळालं, मार्गदर्शक मॅडम मिळाल्या, वाचूनही झालं. गाडी अडली ती विषयमान्यतेच्या अर्जावर. वर रकाना 'आशयसूत्र, एका वाक्यात' (कादंबरीचं मुख्य म्हणणं काय ते). त्याखाली 'आधाराची अवतरणे'. म्हणजे निकाल आधी, साक्षी नंतर! याचा मला अजून राग येतो.

रकाना कोरा ठेवला तर अर्ज घेईनात. खिडकीवरचे भाऊ म्हणाले, "ताई, 'निरर्थकता' लिहून टाका ना, सगळे तेच लिहितात." गाईडमध्ये तेच छापलंय. मी अर्ज परत घेऊन आले.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक वाक्य उतरवलं: कोण बोलतंय, कुणाशी, कधी. (पानाबरोबर आवृत्तीही लिहा, पानं बदलतात.) पहिली चिठ्ठी अर्थात सुरुवातीची: "मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे." पुण्याचं होस्टेल, मेसचे हिशेब, परीक्षा, सगळ्यांची तो टर उडवतो. या चिठ्ठ्या 'निरर्थकता'खाली बिनबोभाट बसल्या. धाकट्या बहिणीच्या मरणाच्या पानांवरच्या काही केल्या बसेनात. तिथे टर उडवणं थांबतं. सगळंच फोल असेल तर हे एक मरण त्याला इतकं का लागावं? रात्री उशिरापर्यंत मी त्याच चिठ्ठ्या पुढेमागे करत होते, आणि माझं सूत्र तिथेच सापडलं: सगळ्याला फोल म्हणणाऱ्याला एका मरणाला मात्र तसं म्हणता येत नाही. गाईडच्या एका शब्दात हे मावत नाही, आणि ते मी स्वतः शोधलं याचा मला अभिमान आहे.

म्हणून सांगते, न बसणारं अवतरण फेकू नका, आधी तेच धरा. सुभाषितासारखं वाक्य दिसलं की लगेच अधोरेखित करू नका; पात्र रागात बोलतं, ते लेखकाचं मत नसतं. आणि हो, मॅडमना अर्जाआधी चिठ्ठ्याच दाखवा. माझ्या मॅडमनी त्या पाहूनच सही केली.

वाक्य रकान्यात मावलं नाही तेव्हा मी वेगळा कागद टाचून दिला. पुरवणी जोडता येते. अर्जावर तसं कुठेही लिहिलेलं नाही, पण घेतात.