डीपीतला अनोळखी बाप्या

कॉन्टॅक्टमध्ये नाव 'शुभा हॉस्टेल', आणि डीपीत ट्रॅक्टरवर बसलेला मिशीवाला बाप्या!

मैत्रीण कुठे गेलेली नसते, नंबर फिरलेला असतो. बंद पडलेला नंबर कंपनी किमान 90 दिवस राखून ठेवते, मग खुशाल दुसऱ्याला देते. आपल्या फोनात नाव जुनंच. वाढदिवसाच्या शुभेच्छा भलत्यालाच जातात (तो बिचारा हात जोडून थँक्यूही पाठवतो).

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये यावर उपाय आहे: आपला नंबर बदलला की 'अकाउंट', मग 'चेंज नंबर'. जुनं खातं फोनवर चालू असतानाच हे करायचं. ग्रुपना आपसूक कळतं. बाकीच्यांसाठी 'नोटिफाय कॉन्टॅक्ट्स' निवडावं लागतं, आणि नेमकं तेच राहतं.

मैत्रिणी तरी शोधून काढतील. बँकेत जुनाच नंबर राहिला, तर ओटीपी मात्र गुपचूप परक्याच्या फोनवर जातो. तुमच्या खात्याला कोणता नंबर जोडलाय, आठवतंय?