काँट्री, खंबा आणि घाईची पार्टी

साताऱ्यात काय, सांगलीत काय, कॉलेजची बरीच पोरं एरवी आठवडे-आठवडे दारूला शिवत नाहीत. मग कुणाचा बर्थडे येतो, सबमिशन संपतं, गटारी येते, थर्टी फर्स्ट येतो आणि एका रात्रीत सगळी कसर निघते. महिन्याची सरासरी कमी असली तरी यकृताला त्याचा काही उपयोग नाही.

हिशेब सरळ आहे. 750 मिलीचा खंबा, 42.8 टक्के. त्यात सुमारे 250 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे 30 मिलीचे 25 पेग. चौघांत प्रत्येकी सहा. शरीर तासाला जेमतेम एका पेगचा निचरा करतं. बारा वाजता केक कापून दीडपर्यंत बाटली संपवली आणि पहाटे पाचला कास पठाराकडे बाईक काढली, तर चालवणारा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या कायदेशीर मर्यादेबाहेर सहज असू शकतो, झोप काढून उठलेला असला तरी. बिअर हलकी, हाही गैरसमज: 8 टक्के स्ट्राँगची 650 मिलीची एक बाटली म्हणजे चार पेग.

वेग वाढवते ती काँट्री, म्हणजे सगळ्यांनी मिळून काढलेली वर्गणी. पैसे सगळ्यांचे सारखे, बाटली एकच. सावकाश पिणाऱ्याच्या वाट्याला कमी येतं, म्हणून तोही घाई करतो. त्यात महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे कॉलेजातले बहुतेक जण चोरूनच पिणार आणि चोरून पिणं म्हणजे भराभर, न मोजता, रिकाम्या पोटी. चखण्याला जेवण समजू नये. काँट्री आधी जेवणाची आणि परतीच्या गाडीची काढावी, दारूचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. एवढ्यानेच बाटली संपवायची सक्ती जाते.

कोणी आडवा झाला तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. पोटातली दारू रक्तात उतरतच असते, त्यामुळे बेशुद्धीनंतरही नशा चढू शकते. कॉफी, लिंबू, गार पाणी यांनी काही होत नाही. त्याला कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका. उलटी श्वासनलिकेत गेली की माणूस गुदमरतो. हलवून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल किंवा ओठ निळे दिसत असतील तर 108. रेक्टरला कळेल या धास्तीत इथेच अर्धा तास जातो. डॉक्टरांना काय, किती आणि कधीपासून प्यायला हे खरं सांगा, सोबत गोळी घेतली असेल तर तीही.