फाटलेलं सूत कोणाचं? संशोधनासाठी जोडीदार निवडतानाचा माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं डाइंग आहे. सूत रंगवायचं आणि टॉवेलवाल्यांना पुरवायचं, एवढाच धंदा. नेव्ही, मरून, काळा असे गडद शेड लागले की आमच्याकडे मिठाची पोती फुटायला लागतात. पाण्यात सुती धाग्यावर ऋण भार येतो, आम्ही वापरतो त्या रिअ‍ॅक्टिव्ह जातीच्या रंगावरही ऋणच, त्यामुळे दोघं एकमेकांना लांब ढकलतात. ते ढकलणं मीठ दाबून धरतं, मग रंग धाग्यात शिरतो. गडद शेडला लिटरमागे 80 ग्रॅमपर्यंत मीठ जातं. 100 किलो सुताला 800 लिटर पाणी धरलं तर एका बॅचला 64 किलो! त्यातलं धाग्यात काहीच राहत नाही. सगळं सांडपाण्यात. ईटीपीतले, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधले, जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मिठाला तोंड लावत नाहीत. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 2100 मिलिग्रॅम. ती गाठायला आरओ आणि वर बाष्पीभवनाचा प्लांट, म्हणजे आमच्यासारख्यांनी कारखाना विकूनच बसवायची गोष्ट.

यावर एक उपाय पुस्तकात आहे. रंगवण्याआधी सुतावर रसायनाने धन भार चढवायचा, म्हणजे रंग मिठाशिवाय ओढला जातो. याला कॅटायनायझेशन म्हणतात. पण प्रयोगशाळेतल्या कापडाच्या तुकड्यावर करणं वेगळं आणि आमच्या मशीनमध्ये, बोअरच्या जड पाण्यात, चीजवर, म्हणजे भोकांच्या नळीवर जाड गुंडाळलेल्या सुतावर करणं वेगळं. आमच्याकडे ईटीपी आहे, रंगाचं काम बघणारे मास्तर आहेत, गिऱ्हाईक आहे. रसायनशास्त्र नाही आणि नमुन्याचं मशीनही नाही. जोडीदार घेणं भागच होतं.

सगळ्यात आधी धावत आली गुजरातेतली एक केमिकल कंपनी. चकाचक प्रेझेंटेशन, नामांकित गिऱ्हाइकांची यादी, ट्रायलचा माल फुकट. अट एवढीच की पुढची तीन वर्षं रसायन फक्त त्यांच्याकडून घ्यायचं आणि जे काही नवं निघेल त्यावर नाव त्यांचं. रंग सारखा बसला नाही की आम्ही शेड फाटलं म्हणतो. मी सहज विचारलं, "ट्रायलमध्ये शेड फाटलं तर सूत कोणाचं?" साहेब हसले. "मॅडम, वो तो प्रोसेस का रिस्क है."

मग मी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायला लागले. कंपनी किती मोठी, माणूस किती शिकलेला, हे कागदावर कळतंच. नुकसानीचा विषय निघाल्यावर माणूस कसा बोलतो ते कागदावर कळत नाही.

एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सरांचं उत्तर होतं, "तुमचं सूत आत्ता लावूच नका. आधी लॅबमध्ये दहा-दहा ग्रॅमच्या लड्यांवर बघू." तुम्हाला यातून काय हवंय, असंही मी त्यांना थेट विचारलं. विद्यार्थ्याला प्रकल्प आणि स्वतःला पेपर, असं ते मोकळेपणाने म्हणाले. मला ते आवडलं. "आम्हाला काही नको, उद्योगाची सेवा" म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. अडचण एकच होती, कॉलेजचं वेळापत्रक. परीक्षा आल्या की लॅबला कुलूप. ते गृहीत धरूनच आम्ही ट्रायलच्या तारखा ठरवल्या.

नमुन्याचं मशीन होतं आमच्याच गल्लीतल्या काकांकडे. एका वेळी एकच चीज घेणारं. घरी यावरून चांगलंच वाजलं. अण्णा म्हणाले, "शेजाऱ्याला आत घेतेस? उद्या गिऱ्हाईक नेईल." रास्त भीती होती. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे नाव आम्हा सगळ्यांचं एकच. पण रंगाची रेसिपी जो तो कुलपात ठेवतो. मी नीट हिशेब मांडला. काका सूत रंगवतात ते स्वतःच्या टॉवेलपुरतं, बाहेरचं जॉबवर्क घेत नाहीत. माझं पोट जॉबवर्कवर. म्हणजे गिऱ्हाईक एक नाही, दुखणं मात्र एकच. त्यांनाही तोच प्रश्न टाकला. "सूत माझं, रंग तुझा. फाटलं तर पोछे विणू की, पोरी."

करार करण्याआधी आम्ही छोटी ट्रायल लावली. हे मात्र मी कुणालाही सांगेन, सह्यांच्या आधी एकदा एकत्र हात काळे करून बघा. चीज बाहेर काढली तेव्हा वरून गडद नेव्ही, बघत राहावं असा. मास्तरांनी तिचं टोक धरलं आणि उलगडत गेले. मध्यापर्यंत रंग उतरत गेला आणि नळीजवळ फिका निळा. रसायन आणि रंग दोन्ही वरच्या थरांनीच गिळलं होतं. वर आणखी एक. वाळलेल्या सुताला मासळीसारखा वास. "अक्का, हा टॉवेल तोंडाला कोण लावंल?" मास्तर म्हणाले.

वासाचं कारण सरांना माहीत होतं, रसायनातून सुटणारं ट्रायमिथाइलअमाइन. आम्लाची एक धुलाई वाढवा म्हणाले आणि त्याने वास बराच गेला. आतबाहेरच्या शेडवर मात्र ते गप्प झाले आणि मास्तरांकडे वळले, "हे माझ्या पुस्तकात नाही. तुम्ही काय कराल?" मास्तरांनी रंग हप्त्याहप्त्याने सोडायला लावला, तापमान सावकाश चढवलं आणि पंपाच्या आतबाहेर फिरण्याच्या वेळा बदलल्या. पुढची चीज पूर्ण सारखी नव्हती, पण फरक बघायला ती उजेडात न्यावी लागली. काकांनी फाटलेल्या सुताचा विषयसुद्धा काढला नाही. माझी निवड तिथेच झाली. रसायन आम्ही बांधून न घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतो.

करारात खरी ओढाताण या पद्धतीच्या पेटंटवरून झाली. सरांना पेपर लवकर हवा होता, आणि अर्जाआधी पेपर छापला तर नावीन्यच संपतं. वकिलांनी मार्ग सुचवला, आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका. त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात, आणि पहिल्या अर्जात जेवढं लिहिलंय तेवढं छापायला सर मोकळे. दुसरं, पेटंट कायदा 1970 च्या कलम 50 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक शोध स्वतः वापरू शकतो, इतरांना हिशेब द्यावा लागत नाही. तिसऱ्याला लायसन्स द्यायचं तर मात्र सगळ्यांची संमती लागते. काका आणि मला हेच हवं होतं, म्हणून ते तसंच ठेवलं. अण्णांच्या समाधानासाठी एक कलम वाढवलं: या पद्धतीने काकांनी बाहेरचं जॉबवर्क घ्यायचं नाही.

अर्जातल्या शोधकांच्या यादीत कॉलेजच्या ऑफिसने आधी फक्त सर आणि विद्यार्थी लिहिले होते. पंपाची युक्ती ज्यांची, त्या मास्तरांचं नाव नको? मी अडून बसले, सरांनी साथ दिली, नाव घातलं गेलं. मास्तरांनी अर्जाची झेरॉक्स मागून घेतली.

फिके आणि मध्यम शेड आता मिठाशिवाय बरे निघतात. काळ्याचं अजून जमलेलं नाही आणि उन्हात रंग किती टिकतो याचे रिपोर्ट यायचे आहेत. रसायनाचा खर्च मिठापेक्षा जास्तच आहे, तेव्हा तो वाचलेल्या पाण्यातून आणि ईटीपीच्या खर्चातून किती निघतो याचा हिशेब काकांच्या मुनीमजींकडे चालू आहे. तो जमला नाही तर तीन महिन्यांची नोटीस देऊन कुणीही बाहेर पडू शकतं, हेही करारात आहे.